एक कविता, साठ वाचक

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे. दोन्ही काठांवर हिरवळ, मधून वाहणारा झरा, टेकडीकडे चार घरांचे गाव, शेतांमधून गेलेली पायवाट, ती जिथे पोचते तो काळा डोह आणि त्या डोहाच्या पाण्यात पाय टाकून बसलेले उंबराचे झाड. एवढ्या ऐवजावर मराठी समीक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला आहे. कुणाला ते निव्वळ निसर्गचित्र वाटले, कुणाला त्यात खोल उदासी दिसली, तर कुणाला संसारातून बाजूला झालेल्या विरक्ताची बैठक. वाद अजून मिटलेला नाही. वर्गात मात्र तो दहा-पंधरा मिनिटांत मिटवला जातो. शिक्षक कविता वाचतात, कठीण शब्दांचे अर्थ सांगतात, मध्यवर्ती कल्पना फळ्यावर लिहितात आणि पटावरची साठ मुले ती एकाच शब्दांत वहीत उतरवून घेतात.

माध्यमिक शाळेत, कनिष्ठ महाविद्यालयात किंवा पदवीच्या वर्गांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. सांगायचे ते एवढेच, की साहित्याच्या वर्गात मुलाला सर्वांत जास्त शिकवू शकणारी व्यक्ती बहुतेक वेळा त्याच्या शेजारीच बसलेली असते, कारण तिने तीच ओळ वेगळी वाचलेली असते. गणितात दोघांची उत्तरे वेगळी आली तर निदान एकाचे चुकलेले असते. कवितेत दोघांची उत्तरे वेगळी आली की तिथून अभ्यास सुरू होतो. पण ‘चर्चा करा’ म्हणून शिक्षक खुर्चीत जाऊन बसले तर चर्चा क्रिकेटची होते, आणि त्यात मुलांचा काही दोष नाही. त्यांच्यापुढे चर्चा करण्याजोगे काही ठेवलेलेच नसते. मुलांनी एकमेकांकडून शिकावे यासाठी शिक्षकाला व्याख्यानापेक्षा जास्त तयारी करावी लागते. ती कशी करायची हे ‘औदुंबर’लाच हाताशी धरून पाहू. तुमच्या पाठ्यपुस्तकात दुसरी कविता असेल, पण रीत तीच राहील.

आधी एकट्याने

बोलण्याआधी लिहायला लावा, हा पहिला नियम. कविता एकदा तुम्ही वाचा, एकदा एखाद्या विद्यार्थ्याला वाचू द्या. त्यानंतर पाच मिनिटे कुणी कुणाशी बोलायचे नाही. प्रत्येकाने वहीत दोन-तीन वाक्ये लिहायची: मला काय दिसले, आणि मी कोणत्या शब्दापाशी अडलो. शुद्धलेखन तपासले जाणार नाही, गुण मिळणार नाहीत, कुणाला मोठ्याने वाचून दाखवण्याची सक्तीही नाही, हे आधीच स्पष्ट सांगा.

ही पाच मिनिटे वाया जातात असे वाटून अनेक जण ती गाळतात. ती गाळली की पुढचे सगळे फसते. ज्याने स्वतःचे काही लिहिलेले नाही, तो गटात पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे जातो. प्रत्येक वर्गात भराभर बोलणारी दोन-चार मुले असतातच. त्यांचे वाचन चांगले असो वा नसो, आवाज मोठा असतो. मागच्या बाकावरच्या अबोल मुलीच्या वहीत दोन वाक्ये लिहिलेली असली, तर तिला निदान ती वाचून दाखवता येतात. ऐन वेळी सुचण्याची वाट पाहावी लागत नाही.

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्‌स यांनी कवीचे नाव काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांना वाटल्या आणि त्यांच्यावर लिहून द्यायला सांगितले. त्या लेखी प्रतिक्रियांचा अभ्यास १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात आला. साहित्य शिकणारी हुशार मुलेसुद्धा साधा वाच्यार्थ चुकतात, ठरीव भावना कवितेवर लादतात, हे त्यातून दिसले. रिचर्ड्‌स यांचे सगळे सिद्धान्त आपल्याला घ्यायला नकोत. पण विद्यार्थ्यांचे वाचन हाच अभ्यासाचा विषय करायचा, ही त्यांची गोष्ट घेण्याजोगी आहे.

नाव काढून टाकण्याची युक्तीही कामाची आहे. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, १८९० साली धरणगावला जन्मले आणि १९१८ साली जळगावजवळ भादली इथे रेल्वेच्या अपघातात गेले. वय अवघे सत्तावीस. ही माहिती आपण कविपरिचय म्हणून आरंभीच सांगून टाकतो. मग वर्ग मनाशी ठरवतो की काळा डोह म्हणजे मृत्यू, आणि कवितेकडे बघणेच थांबते. तोच परिचय चर्चेनंतर द्या आणि विचारा, ‘हे कळल्यावर तुमचे वाचन बदलले का? बदलायला हवे का?’ कवीचे चरित्र आणि कविता यांचा संबंध काय, हा साहित्यशास्त्रातला जुना आणि अवघड प्रश्न आहे. नववी-दहावीची मुले त्याच्यावर फार चांगले बोलतात, पण तो त्यांच्यापुढे योग्य वेळी ठेवला तरच.

प्रश्न कोणता द्यायचा

गटचर्चा जमली नाही की आपण मुलांना दोष देतो. बहुधा प्रश्नच चुकीचा असतो. ‘कवितेचा आशय सांगा’ या प्रश्नावर चार जणांना बोलण्यासारखे काही नसते. एक जण गाइडमधले वाक्य म्हणतो आणि बाकीचे मान डोलावतात. ‘कवीला काय सांगायचे आहे?’ हाही तसाच. कवी काय सांगणार हे शिक्षकांना ठाऊक आहे आणि आपल्याला ते ओळखायचे आहे, असे मुलाला वाटते. मग चर्चेची परीक्षा होते.

चांगला प्रश्न लहान असतो, मजकुरातल्या एखाद्या जागेवर बोट ठेवतो आणि त्याची निदान दोन उत्तरे खरोखर संभवतात. ‘औदुंबर’मध्ये अशी जागा शोधायला लांब जावे लागत नाही. पाण्यावर पसरलेल्या काळिम्याला कवीने ‘गोड’ म्हटले आहे. काळिमा गोड कसा? एवढा एक प्रश्न चार मुलांना दहा मिनिटे पुरतो. दुसरा प्रश्न: हे झाड निवांत आहे की उदास? तिसरा: पायवाट गावाकडून डोहाकडे जाते, ती उलट डोहाकडून गावाकडे आली असती तर कविता तीच राहिली असती का? एका तासाला यांतला एकच प्रश्न द्या. तीन दिले की मुले उरकण्याच्या मागे लागतात.

आणि प्रश्नाइतकाच महत्त्वाचा एक कायदा: ‘शब्द दाखव.’ गटात कुणीही काहीही म्हणावे, पण ऐकणाऱ्याने विचारायचे, की हे तुला कोणत्या शब्दात दिसले? झाड उदास आहे असे म्हणणाऱ्याने उदासी कुठे आहे तिथे बोट ठेवायचे. बोट ठेवता आले नाही तर मत चूक ठरत नाही, ते तूर्त बाजूला राहते. हा कायदा फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा. मतभेद झाला की मुले ‘मला असे वाटते’ आणि ‘मला तसे वाटते’ यांवर अडून बसतात, किंवा मैत्री जपायची म्हणून पटकन एकमत करून टाकतात. शब्द दाखवायची सवय लागली की दोन्ही टळते, आणि भांडण दोन मुलांमध्ये न राहता दोन वाचनांमध्ये राहते.

बाक, घड्याळ आणि गोंगाट

आपल्या बहुतेक वर्गांत बाक हलवता येत नाहीत, तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची असते आणि पट साठच्या पुढे असतो. याच वर्गात हे करायचे आहे. गोल खुर्च्यांच्या वर्गाची वाट पाहू नका. आधी एका बाकावरच्या दोघांनी बोलायचे. मग एक सोडून एका बाकावरच्या मुलांनी मागे वळायचे, म्हणजे समोरासमोर चार जण होतात. एका बाकावर तिघे बसत असतील तर गट सहांचा होईल. तो जरा मोठा आहे, पण चालेल. सहाच्या वर नको. त्याहून मोठ्या गटात दोघे बोलतात आणि बाकीचे खिडकीतून बाहेर पाहतात.

वेळ ढोबळ मानाने अशी पडते: वाचन पाच मिनिटे, लिहिणे पाच, जोडीत चार-पाच, चार जणांत आठ-दहा, आणि उरलेला वेळ सगळ्या वर्गासमोर. जोडीची पायरी गाळू नका. वर्गासमोर कधीच न बोलणारे मूल चौघांतही एकदम बोलत नाही, पण शेजाऱ्याशी बोलते. गटनेता, लेखनिक, वेळ पाहणारा अशा भूमिका वाटून देण्याची पद्धत प्रशिक्षणांत सांगितली जाते. मला ती साहित्यासाठी फारशी उपयोगाची वाटत नाही. मुले भूमिका सांभाळण्यात गुंततात आणि कविता मागे राहते. एक काम मात्र जरूर वाटून द्या: गटातर्फे जो बोलेल त्याने स्वतःचे मत सांगायचे नाही, शेजाऱ्याचे सांगायचे. ‘मी असे म्हणालो’ नव्हे, ‘ही म्हणाली की झाड थकलेले आहे, कारण बसला असा शब्द आहे.’ दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकल्याशिवाय ते सांगता येत नाही, हा याचा सगळ्यांत मोठा फायदा. आणि आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून वर्गासमोर आले, की गप्प राहणाऱ्या मुलालाही त्या वाक्याची किंमत कळते.

गोंगाट होईल. शेजारच्या वर्गाला त्रास होईल इतका होऊ देऊ नका, पण मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या शिक्षकांना आधी सांगून ठेवा. वर्ग शांत आहे म्हणजे शिकणे चालले आहे, या समजुतीशी ज्याला त्याला आपापल्या शाळेत थोडे झगडावेच लागते.

हुशार आणि कच्चे ही विभागणी नको

मुलांनी मुलांना शिकवणे ही कल्पना परदेशातून आली असे आपल्याला वाटते. तिचा प्रवास उलटाही झालेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथाश्रमाचा कारभार पाहणारा अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री एका देशी शाळेत मुलांना वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहून थबकला. मग त्याने आपल्या शाळेत मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवण्याची रीत बसवली, आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे जोसेफ लँकेस्टरच्या शाळांमधून याच धर्तीची पद्धत इंग्लंडभर आणि बाहेर पसरली. थोड्या शिक्षकांत आणि थोड्या पैशांत शेकडो मुलांना अक्षरओळख करून देणे हा तिचा हेतू होता.

अक्षरे आणि पाढे यांसाठी ती रीत चालते. ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याला सांगायचे. साहित्याच्या वर्गात मात्र तीच जशीच्या तशी उचलली, हुशार मुलाला कच्च्या मुलाशेजारी बसवून ‘याला समजावून सांग’ म्हटले, की दोघांचेही नुकसान होते. हुशार मूल शिक्षकाचीच मध्यवर्ती कल्पना पुन्हा सांगते, आणि दुसऱ्याला आणखी एक शिक्षक मिळतो, तोही आपल्याच वयाचा. कवितेचे उत्तर कुणाच्या खिशात नसते. परीक्षेत कमी गुण मिळवणारा मुलगा एखाद्या ओळीबद्दल जे पाहतो, ते पहिल्या नंबराच्या मुलीच्या नजरेतून सुटलेले असू शकते. म्हणून गट गुणांवरून करू नका. हजेरीच्या क्रमाने करा, बसतात तसे करा, चिठ्ठ्या काढून करा. महिनाभराने बदला.

एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात वेगळी रीत वापरली. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना तेव्हा नुकतेच एका वर्गात आणले होते आणि वर्गात तणाव होता. त्याने धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एक-एक तुकडा दिला. बाकीच्यांचे ऐकल्याशिवाय कुणालाच पूर्ण धडा कळणार नाही, अशी ती रचना होती. लांब पाठाच्या पार्श्वभूमीसाठी ही रीत चांगली आहे. एका मुलाने लेखकाचा काळ पाहून यावा, दुसऱ्याने प्रदेश, तिसऱ्याने त्या काळचे व्यवसाय. कवितेचे मात्र तुकडे करू नका. चार मुलांना दोन-दोन ओळी वाटल्या तर डोह कुठून आला हे कुणालाच कळणार नाही.

घरून आलेले ज्ञान

मराठी साहित्याच्या वर्गात एक मोठी संपत्ती पडून असते, आणि ती इतर विषयांच्या तासाला इतकी उपयोगी पडत नाही. मुले ज्या गावांतून, घरांतून, बोलींतून येतात ती ही संपत्ती.

‘औदुंबर’चेच पाहा. सांगली-कोल्हापूरकडच्या मुलाला औदुंबर म्हटले की कृष्णाकाठचे दत्तस्थान आठवते, नरसोबाची वाडी आठवते, झाडाला प्रदक्षिणा घालणारी आजी आठवते. पाण्याकाठी स्थिर बसलेल्या या झाडात त्याला बैठक मारलेला जोगी दिसला तर नवल नाही. मुंबईच्या उपनगरात वाढलेल्या मुलीने उंबर ओळखून पाहिलेलाच नसतो. तिला दिसतो तो पाण्यात पाय सोडून एकटा बसलेला कुणीतरी. त्या दोघांना एका बाकावर बसवा. तो तिला झाडाविषयी सांगेल. पण दत्त कवितेत कुठे आहे, शब्द दाखव, असे ती त्याला विचारेल, आणि त्याला थांबून विचार करावा लागेल. वर्गात हिंदी बोलणाऱ्या घरातले मूल असेल तर ते सांगेल की आमच्याकडे याला गूलर म्हणतात, आणि क्वचित दिसणाऱ्या माणसाला गूलरचे फूल म्हणतात. मराठीतही उंबराचे फूल असेच म्हणतात हे कुणाला तरी आठवेल. विज्ञानाची गोडी असलेली एखादी मुलगी सांगेल की उंबराला फुले असतात, पण ती फळाच्या आत लपलेली असतात. यांतले सगळेच कवितेच्या कामाचे आहे असे नाही. पण वर्गाला ते झाड आता माहीत झाले, आणि हे शिक्षकाने एकट्याने सांगून झाले नसते.

बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांपाशी तर हे फारच खरे आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी उतरवून घेतली. मुलगा सोपानदेव यांनी त्यांचे बाड आचार्य अत्र्यांना दाखवले, आणि बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ साली, संग्रह निघाला. या गाण्यांची भाषा खानदेशातली आहे. तिथे ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, लय वेगळी पडते. पुण्या-मुंबईचे शिक्षक ही गाणी प्रमाण मराठीच्या चालीत वाचतात तेव्हा निम्मी गोडी तिथेच जाते. वर्गात यावल, रावेर, भुसावळकडचे कुणी असेल तर पहिले वाचन त्यांना करू द्या. त्यांनी नकार दिला तर आग्रह नको. आजी-आजोबांकडून विचारून येतो का, असे विचारा. आणि वाचताना वर्गातून हसू आले तर तास तिथेच थांबवा. त्या हसण्याचे उत्तर त्याच क्षणी दिले नाही तर ती बोली त्या वर्गात पुन्हा उच्चारली जाणार नाही, आणि ते मूल वर्षभर प्रमाण भाषेच्या आडोशाला लपून राहील.

मोट, नाडा, जाते, पाभर या वस्तू आता खेड्यातल्या मुलांनाही नीट ठाऊक नसतात. तेव्हा ‘गावाकडच्या मुलाला विचारा’ इतके सोपे ते राहिलेले नाही. घरी विचारून यायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी गटात सांगायला लावा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. तीत मेंढपाळांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो. मेंढरे राखणाऱ्या घरातले मूल तुमच्या वर्गात असेल, तर त्या पुस्तकातल्या दुष्काळाबद्दल त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळते.

‘बलुतं’ शिकवताना

इथे एक मोठी सावधगिरी हवी. घरून आलेले ज्ञान वर्गात आणायचे म्हणजे मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यातला उतारा शिकवताना काही वर्गांत सगळ्यांच्या नजरा एक-दोन मुलांकडे वळतात. कधी शिक्षकही भल्या हेतूने विचारून जातात, ‘तुमच्याकडे असे काही होते का रे?’ हा प्रश्न विचारायचा नाही. वर्गात नाही, आणि तासानंतर बाजूला घेऊनही नाही. त्या मुलाची वेदना इतरांच्या अभ्यासाचे साधन नव्हे. त्याला बोलावेसे वाटले तर तो बोलेल. तशी मोकळीक वर्गात असली पाहिजे, आणि तो बोलला तर वर्गाने शांतपणे ऐकले पाहिजे. पण सुरुवात त्याची हवी.

मग या पाठावर मुले एकमेकांकडून काय शिकतील? पुष्कळ. फक्त प्रश्न पुस्तकाचा ठेवायचा. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कथा दया पवारला सांगतो, आणि माणूस एकच आहे. लेखकाने स्वतःचे असे दोन भाग का केले असतील? शिकून शहरात आलेल्या माणसाला आपल्या लहानपणाशी बोलायला मधे अंतर का लागते? या प्रश्नावर प्रत्येक मूल बोलू शकते, कुणालाही आपली जात सांगावी लागत नाही. दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि तो जरूर द्या: एखाद्या प्रसंगात अपमान होताना जे बघत उभे आहेत, ते कोण आहेत, आणि ते काय करत आहेत? या प्रश्नाने वर्गातल्या ज्या मुलांना ‘हे आमचे नाही’ असे वाटत होते, त्यांनाही पुस्तकात आपली जागा शोधावी लागते. ही चर्चा बोलून करणे जड जाईल असे वाटले तर चिठ्ठ्यांवर, नाव न लिहिता करा. चिठ्ठ्या तुम्ही आधी वाचा, कुणाला जखम करणारी असेल ती वगळा आणि बाकीच्या वर्गाला वाचून दाखवा. शेतकऱ्याची आत्महत्या, घरातली मारहाण, दारू असे विषय असलेल्या पाठांनाही हीच काळजी लागू आहे. आकडा न कळताही असे समजून चला, की हे सोसणारे मूल वर्गात आहे.

नाटकाचा उतारा असेल तर एवढेच करा: एकच संवाद दोन जोड्यांना वेगवेगळा तयार करायला सांगा. ‘नटसम्राट’मधला बाप रागावून बोलतो की थकून, हे दोन वाचने ऐकून मुले आपोआप बोलू लागतात. वेगळा प्रश्न लागत नाही.

एकमेकांचे लिहिलेले वाचणे

दहावीच्या कृतिपत्रिकेत स्वमत आहे, कवितेचे रसग्रहण आहे. दोन्हींत मुलाने स्वतःचे काही म्हणावे अशी अपेक्षा असते, आणि दोन्हींची तयार उत्तरे गाइडमध्ये मिळतात. चर्चेत वेळ घालवला तर पोर्शन कसा संपणार आणि गुण कसे मिळणार, ही शिक्षकांची चिंता खरी आहे. तिच्यावरचा उपाय चर्चा टाळणे हा नाही. चर्चेनंतर लिहायला लावणे आणि ते शेजाऱ्याला वाचायला देणे, हा आहे.

शेजाऱ्याने तपासायचे नाही. लाल पेन नको, गुण नकोत, ‘छान’ हा शब्दही नको. फक्त दोन गोष्टी करायच्या: आवडलेल्या एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची, आणि समासात एक प्रश्न लिहायचा. समजा, एकाने लिहिले, ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे.’ शेजारणीने समासात विचारले, ‘डोह काळा आहे, तोही सुंदर का?’ आता त्याला कवितेकडे परत जावे लागते. दुसऱ्या खेपेला तो लिहितो, ‘सुरुवातीला हिरवा आणि निळा रंग आहे. मग वाट पांढरी होते आणि शेवटी डोह काळा. रंग गडद होत जातात तशी मला थोडी भीती वाटली, पण कवी काळिम्याला गोड म्हणतो, म्हणजे त्याला भीती वाटत नसावी.’ हे रसग्रहण आहे. ते गाइडमध्ये सापडणार नाही, आणि शिक्षकाने सांगितलेलेही नाही. साठ वह्यांवर असे प्रश्न लिहायला एका शिक्षकाला आठवडा लागेल. साठ मुलांना एकमेकांसाठी दहा मिनिटे लागतात.

मग शिक्षकाचे काम काय

शिक्षकाने बाजूला व्हावे असे यात कुठेही नाही. गटांमधून फिरताना बोलायचे कमी आणि टिपायचे जास्त. तुमच्या वहीत मुलांची वाक्ये जशीच्या तशी उतरवा. मग वर्गासमोर बोलताना त्यांतली दोन विरोधी वाक्ये निवडा आणि फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. निवड तुमची, आणि तिथेच तुमचे वाचन पणाला लागते. कोणते वाक्य वर्गाला पुढे नेईल हे ओळखायला कविता तुम्हाला पुरती ठाऊक हवी.

काही वाचने चुकीची असतात, आणि तसे सांगायचे. डोहात पाय टाकून माणूस बसला आहे, असे एखाद्या गटाला वाटेल. औदुंबर हे झाड आहे, हे सांगितलेच पाहिजे. ‘तुझेही बरोबर, तिचेही बरोबर’ म्हणत सगळ्यांना गोंजारणे हा साहित्याचाही अपमान आहे आणि मुलांचाही. मात्र ते झाड माणसासारखे बसले आहे असे त्या गटाला का वाटले, हा पुढचा प्रश्न त्याच चुकीतून निघतो.

तुमचे स्वतःचे वाचन शेवटी सांगा, पण सांगाच. ‘तुमचे सगळे ऐकून मला असे वाटते’ अशा शब्दांत. त्यानंतर समीक्षकांचे मतभेद सांगा. आपण ज्यावर भांडलो त्यावर मोठी माणसेही भांडली आहेत हे ऐकून मुलांची मान ताठ होते. वहीत शेवटी एकच उत्तर न उतरवता दोन वाचने, कारणांसह, उतरवू द्या. मराठीतल्या आद्य गद्यग्रंथांत गणल्या जाणाऱ्या ‘लीळाचरित्रा’साठी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी अनेक अनुयायांकडून गोळा केल्या, आणि एकच लीळा वेगवेगळी सांगितली गेली असेल तर त्या वेगळेपणाची नोंद त्या परंपरेने जपली. दहावीच्या वहीला ही रीत परकी वाटायचे कारण नाही.

रोज हे जमणार नाही, आणि प्रत्येक पाठाला त्याची गरजही नाही. आठवड्यातून एक तास पुरतो. पहिले तीन-चार तास विस्कळीत जातील, काही गट गप्प बसतील, कुणीतरी गाइडमधलेच वाक्य पुढे करील. तरी पद्धत बदलू नका, प्रश्न बदला. या सत्रात एक कविता निवडा, तिच्यातली एक अवघड जागा शोधा आणि त्या जागेवर तुमच्या वर्गाने काय काय म्हटले ते तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच कविता नव्या वर्गापुढे ठेवाल तेव्हा समीक्षकांच्या मतांबरोबर ही वाक्येही वाचून दाखवा.